कॅनव्हासची ताडपत्री किती मोठी घ्यावी: माझ्या चुकांसकट नोंदी

३ मे

मागच्या आवारात माझं सुतारकामाचं टेबल आहे. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. टेबलाभोवती फिरायची जागा धरली तर दहा फूट बाय आठ फूट जमीन कोरडी राहायला हवी. पक्कं छप्पर घालायचं नाही, कारण जागा कायमची नाही. प्लास्टिकची ताडपत्री आधी दोनदा लावून झाली. उन्हाने ती तडकते, आणि वाऱ्यात इतकी फडफडते की शेजारी झोपेतून उठतात. म्हणून या वेळी सुती कॅनव्हास.

मापाचा विचार किती केला? जवळजवळ शून्य. खाली दहा बाय आठ आहे, मग वर दहा बाय बारा भरपूर झालं, असं म्हणून ऑर्डर देऊन मोकळी झाले. कापड १२ औंसाचं, म्हणजे साधारण ४०० जीएसएम (चौरस मीटरला ४०० ग्रॅम). मेण किंवा दुसरं काही न लावलेलं, कोरं.

९ मे

ताडपत्री आली. बाबांनी सवयीप्रमाणे टेप लावली. ‘अगं, ही दहा बाय बारा नाहीये.’

खरंच नव्हती. साडेनऊ फूट बाय साडेअकरा फूट भरली. शिवणाऱ्यांना फोन केला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘ताई, दहा बाय बारा हे कापडाचं माप. चारी बाजूंना दुमड घातली, मधे जोड आला, की सहा-सहा इंच जाणारच. तयार माप पाहिजे होतं तर तसं सांगायचं ना.’

त्यांचं चुकलं म्हणता येत नाही. या धंद्यात दोन मापं चालतात, कापायचं माप आणि तयार माप, आणि माप सांगताना कुठलं ते सांगितलं नाही तर समोरचा कापायचं माप धरतो. मला हे माहीत नव्हतं. आपण कुठलं माप बोलतोय ते ऑर्डरवर लिहूनच द्या. दोन्ही बाजूंनी अर्धा फूट हा आकडा लहान वाटतो, पण पुढच्या नोंदी वाचल्यावर वाटणार नाही.

१० मे

चार कोपऱ्यांना चार खांब, मधे आढ्यासाठी दोन उंच खांब, त्यावर लाकडी वासा. आढं जमिनीपासून आठ फुटांवर, कडेचे खांब सहा फुटांचे. दोन पाखी, म्हणजे आढ्याच्या दोन्ही बाजूंना दोन उतार, साधं घरासारखं छप्पर. आढं ताडपत्रीच्या लांब बाजूने घेतलं. खड्डे खणण्यापासून तणावे बांधण्यापर्यंत सहा तास गेले. त्यात दीड तास खांब पुन्हा काढण्यात, कारण जागेचे कोपरे काटकोनात नव्हते. सुतारकाम करणाऱ्या बाईने ही चूक करावी! शेवटी ३-४-५ चा त्रिकोण दोरीने आखला आणि दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत खुंट्या हलवल्या.

छप्पर चढलं. छान दिसलं. पण पाखं उतरून कडेच्या खांबापर्यंत आलं, की त्यापुढे वळचणीसाठी कापड उरलं जेमतेम तीन इंच.

१३ मे

पहिला पाऊस, वीस मिनिटांचा.

पहिली पाच मिनिटं आतमध्ये बारीक तुषार उडत होते. मी घाबरले, बाबा म्हणाले थांब. आणि खरंच, कापड पूर्ण भिजल्यावर तुषार थांबले. सुताचे धागे पाणी पिऊन फुगतात आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. कोऱ्या कॅनव्हासला एकदोनदा असं भिजवून वाळवावंच लागतं, तेव्हा पहिल्याच दिवशी ताडपत्री गळते म्हणून परत करायला धावू नका.

खरं दुखणं वेगळंच निघालं. पाऊस सरळ पडत नव्हता. माझ्या छपराची कड जमिनीपासून पावणेसहा फुटांवर. पाऊस पंचेचाळीस अंशांत तिरपा आला, तर कड जितकी उंच तितकाच तो जमिनीवर आत येतो. म्हणजे पावणेसहा फूट आत, आणि माझी जागाच आठ फूट रुंद. टेबलाची कड भिजली, टेबलाखाली ठेवलेल्या फळ्या तर न्हाऊन निघाल्या.

दुसरी गळती फक्त एकाच पाख्यात होती आणि तिचं कारण शोधायला मला दोन दिवस लागले. ताडपत्री दोन पट्टे जोडून शिवलेली आहे आणि जोड आढ्याला समांतर येत होता. जोडाची घडी एकाच दिशेला पडलेली असते. ती उताराकडे तोंड करून असेल तर कौलासारखं पाणी वरून घसरून जातं. चढाकडे तोंड असेल तर घडी पन्हळीसारखी पाणी धरून बसते आणि टाक्यांच्या भोकांतून थेंब थेंब खाली सोडते. माझा जोड नेमका उलट्या पाख्यात पडला होता.

१५ मे

वाळल्यावर पुन्हा मोजली. हे मोजमाप आधी करायला हवं होतं.

आली तेव्हा: ११ फूट ६ इंच बाय ९ फूट ६ इंच.
भिजून वाळल्यावर: ११ फूट अर्धा इंच बाय ९ फूट साडेतीन इंच.

ताण्याच्या दिशेने, म्हणजे पट्ट्याच्या लांबीत, चार टक्के आटली. बाण्याच्या दिशेने, म्हणजे पट्ट्याच्या रुंदीत, दोन टक्के. हे माझ्या कापडाचे आकडे आहेत, तुमचं कापड वेगळं आटेल. मेण लावलेलं असेल तर कमी. पण कोऱ्या सुती कापडाचं आटणं हिशेबात धरायलाच हवं. दहा बाय बारा मागवलेल्या ताडपत्रीतून एव्हाना लांबीतला जवळजवळ फूटभर आणि रुंदीतला आठ-नऊ इंच गायब झाला होता.

आटण्याचा आणखी एक प्रताप: तणाव्यांना मी सुती दोरी वापरली होती. भिजल्यावर तीही आखडली. कापड आखडलं, दोरी आखडली, आणि पश्चिमेकडच्या दोन खुंट्या जमिनीतून उपटून निघाल्या. रागाच्या भरात नायलॉनची दोरी बांधली. नायलॉन भिजल्यावर उलट सैल पडतो. आता पॉलिस्टरची दोरी आहे, सरकवून घट्ट-सैल करता येणाऱ्या गाठीने बांधलेली. पावसाचा रंग दिसला की गाठी थोड्या सैल करते, ऊन पडलं की पुन्हा ओढते.

१८ मे

या तारखेची नोंद लिहायला लाज वाटते.

कमी पडली ना, मग मोठी घेऊ, उरली तर उरली, असं म्हणून मी सोळा बाय वीसची मागवली. हिशेब न करता, दुसऱ्यांदा. या वेळी ‘कापायचं माप’ हे शब्द मात्र ऐटीत वापरले.

बाबा एवढंच म्हणाले, ‘उचलणार कोण?’

२५ मे

उचलली दोघांनी मिळून. कोरडी बारा किलो. (लहान साडेचार किलोची आहे आणि ओली झाली की आठच्या वर जाते, वजनकाट्यावर ठेवून पाहिलंय. मोठी ओली असताना तोलायची हिंमत झाली नाही.)

तयार माप साडेपंधरा बाय साडेएकोणीस. माझ्या आढ्यावर टाकली तर दोन्ही बाजूंनी जवळजवळ जमिनीपर्यंत आली आणि आत अंधार. टेबलावर पेन्सिलीची रेघ दिसेना. कडा वर उचलून बाहेरच्या नव्या खांबांना बांधल्या, तर उतारच गेला. सगळं छप्पर चादरीसारखं सपाट. लांबीचं कापड आढ्याच्या दोन्ही टोकांपलीकडे चार-चार फूट अधांतरी लोंबत होतं, त्याला खाली आधार काहीच नाही.

पूर्ण शनिवार गेला. संध्याकाळी हात वर करून दोरी ओढायचीही ताकद उरली नव्हती, म्हणून तशीच सोडून आत गेले.

२७ मे

रात्री पाऊस. पहाटे ‘फट्’ असा आवाज.

सपाट भागात पाण्याची पोटली झाली होती. आडवी टेप धरली तर मीटरभर व्यास, मधे खोली पंधरा सेंटिमीटर. कागदावर मांडलं तर साठ लिटर, म्हणजे साठ किलो, एक अख्खा माणूस ताडपत्रीवर झोपल्यासारखा. कापड फाटलं नाही, दोरी तुटली नाही. कोपऱ्याजवळची एक पितळी रिंग भोवतीच्या कापडासकट निघून आली. काठीने खालून पोटली वर ढकलली आणि सगळं पाणी माझ्याच पाठीवर घेतलं.

अशी पोटली एकदा धरली की वाढतच जाते. पाण्याने कापड खाली वाकतं, वाकलं की आणखी पाणी तिकडेच धावतं. फाजील मोठ्या ताडपत्रीचा हा मुख्य तोटा आहे, वजन आणि अंधार नंतरचे. ज्या कापडाला उतार देता येत नाही ते कापड कामाचं नाही, उलट भार आहे. वाऱ्याचंही तेच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि अधांतरी लोंबणारं कापड म्हणजे शीडच.

आणखी एक बारीक गोष्ट आज कळली. आतून आढ्याजवळ मी करवत टांगली होती, तिचं पातं कापडाला टेकत होतं. नेमकं तिथूनच थेंब गळत होते. ओल्या सुती कापडाला आतून काहीही टेकू देऊ नका, बोटसुद्धा. स्पर्श झाला की पाण्याला खाली उतरायला वाट मिळते.

३१ मे

शेवटी वही-पेन्सिल घेतली. जे पहिल्या दिवशी अर्ध्या तासात झालं असतं, ते चार आठवड्यांनी केलं.

रुंदी आठ फूट, म्हणजे आढ्यापासून एका बाजूला चार फूट. आढं कडेच्या खांबांपेक्षा तीन फूट उंच घ्यायचं ठरवलं. चार आणि तीन, म्हणजे पाख्याचा उतार बरोबर पाच फूट. (तोच ३-४-५ चा त्रिकोण, जमिनीवर आखलेला आता उभा.) जमिनीवरचं माप चार फूट आणि उतारावरचं पाच. मी हाच एक फूट दोन्ही बाजूंना विसरले होते. त्यापुढे दीड फूट वळचण. एक पाखं साडेसहा, दोन पाखी मिळून तेरा फूट. आढ्याच्या दिशेला दहा फूट अधिक दोन्ही टोकांना एकेक फूट, म्हणजे बारा.

तयार आणि आटून झालेलं माप हवं: १३ बाय १२.

आता मागे मोजत जायचं. जोड आढ्यावरून खाली वळचणीकडे गेले पाहिजेत, म्हणजे पाणी जोडाला आडवं जाणार नाही. त्यासाठी ताणा आढ्याला आडवा हवा. म्हणून तेरा फुटांना चार टक्के आटणं धरलं: १३ फूट साडेसहा इंच. बारा फुटांना दोन टक्के: १२ फूट ३ इंच. दुमडीचे सहा-सहा इंच मिळवले. कापायचं माप १४ फूट बाय १२ फूट ९ इंच.

साधारण १७९ चौरस फूट कापड. मी आतापर्यंत १२० आणि ३२० मिळून ४४० चौरस फुटांचे पैसे दिलेत. जवळजवळ अडीच पट.

तिरप्या पावसाचा हिशेबही तपासला. कडेचे खांब साडेपाच फूट ठेवले आणि आढं साडेआठ, तर वळचणीची कड सुमारे साडेचार फुटांवर येते आणि खांबांच्या सव्वा फूट बाहेर राहते. पंचेचाळीस अंशांचा पाऊस टेबलाच्या उंचीवर जेमतेम अर्धा-पाऊण फूट आत येतो. टेबल खांबांपासून पावणेतीन फूट आत आहे. चालेल. बाजूने आत शिरताना वाकावं लागेल, पण ये-जा तशीही टोकांकडूनच होते.

१ जून

तिसरी ताडपत्री घ्यायची नाही, मोठी कापायची. तिचा एक फायदा लक्षात आला: ती भिजून वाळली आहे, आटायचं ते आटून झालंय. आता १८ फूट ८ इंच बाय १५ फूट २ इंच आहे. आटण्याचा हिशेब रद्द, फक्त कापलेल्या दोन कडांना तीन-तीन इंच दुमड धरायची.

१३ फूट ३ इंच बाय १२ फूट ३ इंच असा तुकडा आखला. कापण्याआधी दोन्ही कर्ण मोजले. पाव इंचाचा फरक, सोडून दिला. कात्री लावताना हात थरथरला हे कबूल करते.

७–८ जून

दुमड शिवण्याचं काम. घरच्या शिलाई मशीनवर ११० नंबरची (काही पाकिटांवर १८ लिहिलेली असते) सुई लावली. सरळ कडेवर कापडाचे तीन पदर होतात, ते चाललं, पण चाक हाताने फिरवत. कोपऱ्यात पदरावर पदर येऊन सहा-सात थर होतात, तिथे तीन सुया मोडल्या. तिसरीचा तुकडा गालाला चाटून गेला, तेव्हा मशीन बंद केलं. कोपरे बाबांनी दाभणाने शिवले, पॉलिस्टरच्या जाड दोऱ्याला मेण चोळून. सुतळी हाताशी होती, पण ती ओलीत कुजते म्हणून त्यांनी नको म्हटलं. कोपऱ्यांना आतून त्रिकोणी ठिगळं लावली, रिंग उपटली होती तिथे दुप्पट.

रिंगांबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विकतच्या ताडपत्रीला साधारण दोन-दोन फुटांवर रिंगा असतात, पण आढ्याच्या नेमक्या जागी एक येईलच असं नाही. माझ्या मोठ्या ताडपत्रीला आली नव्हती, त्यामुळे मधली ओढ कायम एका बाजूला जायची. कडेवर रिंगांमधल्या टप्प्यांची संख्या सम असली की एक रिंग आपोआप मध्यावर येते. तेरा फुटांच्या कडेला २६ इंचांचे सहा टप्पे केले, सातपैकी चौथी रिंग बरोबर आढ्यावर. बारा फुटांच्या कडेला दोन फुटांचे सहा.

रिंगा पितळीच घेतल्या. लोखंडी गंजतात आणि गंज लागलेलं सूत तिथेच कुजतं. आठ मिलिमीटरच्या दोरीसाठी बारा मिलिमीटरचं भोक. पहिल्या दोन रिंगा मऊ लाकडावर ठेवून ठोकल्या आणि त्या वाकड्या बसल्या, मग खाली कठीण लाकडाचा ठोकळा घेतला. दोन दिवसांत मिळून अकरा तास.

९ जून

चढवली. वाशाची खरबरीत कड रंध्याने गोल केली आणि वर जुनी गोणी गुंडाळली, नाहीतर आढ्यावर कापड घासून पहिल्याच हंगामात भोक पडतं. या वेळी चढवायला पाऊण तास.

१४ जून

दोन दिवस पाऊस. टेबल कोरडं. पागोळ्या खांबांच्या बाहेर पडतायत, जोडातून एक थेंब नाही. पूर्वेच्या टोकाने वाऱ्याबरोबर थोडा पाऊस आत येतो. मोठीतून कापून उरलेला ५ फूट ५ इंच बाय १५ फुटांचा तुकडा आहे, तो आठ फुटांवर कापून त्या टोकाला पडदा करणार.

आणि लहान ताडपत्री? सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच असा फळ्यांचा ढीग आहे. ढीग झाकायचा तर लांबीत दोनदा उंची मिळवायची, रुंदीतही दोनदा. फक्त खाली अर्धा फूट उघडं ठेवायचं, नाहीतर जमिनीची ओल आत कोंडून फळ्यांना बुरशी धरते. सहा अधिक अडीच अधिक अडीच: अकरा फूट. ताडपत्री अकरा फूट अर्धा इंच. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी अचूक बसलं, तेही चुकून. रुंदीला सव्वादोन फूट जास्त आहे, ते एका बाजूला दुमडून दगड ठेवलेत.

२१ जून

ऊन पडलं म्हणून सगळं उतरवून वाळवलं. घडीत दमट राहिलेल्या सुती कापडावर काळे ठिपके यायला फार दिवस लागत नाहीत. लहानीच्या एका दुमडीत दगडाखाली ते आलेच होते, ब्रशने झाडले, डाग राहिला. परत चढवताना टेप लावली: १२ फूट ११ इंच बाय १२ फूट. एक इंच अजून आटली, किंवा मी कापताना चुकले. दुमडीच्या आतल्या बाजूला न जाणाऱ्या शाईने तयार माप आणि आजची तारीख लिहून ठेवली.

जवळजवळ तीन फूट रुंदीची एक लांब पट्टी उरली आहे. तिचं काय करायचं ते ठरवायच्या आत बाबा ती घडी घालून त्यांच्या कपाटात ठेवून आलेत. ‘कशाला हवीय तुम्हाला?’ विचारलं तर म्हणाले, ‘बघू, आधी मोजतो.’